बाभळीचं वल्हं

सेलूजवळच्या धरणात चालवायला मी दोघांनी बसून वल्हवायची निमुळती होडी, कयाक, आणली. सासऱ्यांनी तिचं फायबरचं वल्हं हातात तोललं. "सूनबाई, ह्याच्यात दम न्हाई," म्हणाले, आणि वखरासाठी ठेवलेल्या बाभळीच्या लाकडाचं स्वतःसाठी दोन पात्यांचं वल्हं करून घेतलं. मी बजावलं होतं, कुऱ्हाड जड असली की घाव आपोआप बसतो. वल्हं मात्र दर खेपेला आपल्यालाच उचलावं लागतं. ऐकतंय कोण? भर पाण्यात त्यांचे खांदे भरून आले, तेव्हा मुकाट्यानं माझं हलकं वल्हं मागून घेतलं.

बाभळीचं आता गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लागतं. "नातवापर्यंत टिकंल," असं ते अजून ऐकवतात. टिकणारच. पाण्यात कोण नेतंय त्याला!