चवथीच्या दुसऱ्या दिवशीचा पिक्चर

आमच्या घरात चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक पिक्चर बघतात. दरवर्षी तोच. आधी थोरले भावजी मुंबईहून त्याची सीडी घेऊन यायचे, मग तो टीव्हीवर लागायला लागला, आता फोनवरही मिळतो. पिक्चर विनोदी आहे. कोकणातलं मोठं घर, गणपतीचे दिवस, पाहुण्यांनी भरलेलं अंगण. ऐन सणाच्या सकाळी घरातल्या सगळ्या बायका कामाला वैतागून देवळाच्या सभामंडपात जाऊन बसतात, आणि पुरुषांना नैवेद्य करावा लागतो. मग जो काही गोंधळ होतो, तोच पिक्चर.

लग्न होऊन मी मिठबावहून इकडे नांदगावच्या बाजूला आले, तेव्हा घरात आम्ही दोघीच बायका होतो. मी आणि माझी थोरली जाव. तिला मी वयनी म्हणायचे. सुरुवातीला 'तुमी' म्हणत होते, पुढे भात लावताना, काजूच्या बिया गोळा करताना कधी 'तू' म्हणायला लागले, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. तिचे यजमान, म्हणजे थोरले भावजी, मुंबईला नोकरीला, वयनी गावात. माझे यजमान इथेच. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरातलं देवाधर्माचं सगळं वयनीच्या हातात होतं.

दुसरा दिवस म्हणजे ऋषीची पंचमी. आम्हा दोघींसाठी ऋषीची भाजी वेगळी, पुरुषांचं जेवण वेगळं, शिवाय संध्याकाळी भजनाला येणाऱ्यांसाठी उसळ. पुरुष जेवून उठले की ओटीवर आडवे व्हायचे आणि पिक्चर सुरू व्हायचा. आम्ही तेव्हा आत भांड्यांत असायचो. कितीतरी वर्षं मला तो पिक्चर फक्त ऐकून माहीत होता. बाहेर हशा झाला की वयनी म्हणायची, "जाडो पडलो वाटता पिठात." पुन्हा हशा झाला की मी म्हणायचे, "आता भटजी इलो." हात पुसत दारात जाऊन उभी राहिले तर मिळेल तेवढा तुकडा बघायचा आणि परत यायचं. सुरुवात मी कधीच बघितली नव्हती.

त्यातला एक प्रसंग आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. घरातली मोठी सून उंबऱ्यावर बसते आणि म्हणते, "आज माझ्याकडून व्हायचं नाही. तुम्हीच काय ते करा." त्यावर तिचा जाडा दीर घाबरून विचारतो, "अगं, पण चूल असते कुठे?" ह्या वाक्याला ओटी नुसती डोलायची. वर्षभर कुणीही कसलंही काम टाळलं की भावजींचं हे वाक्य ठरलेलं.

काही वर्षांपूर्वी श्रावणात वयनीचं पिशवीचं ऑपरेशन झालं. कणकवलीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत. चवथ आली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. पहिल्या दिवसाचा नैवेद्य मी केला आणि तिने पाटावर बसून मोदक वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी सांगितलं की त्यांच्या ऑफिसातले काही मित्र कोकणातला गणपती बघायला येत आहेत, दुपारी जेवायलाच. ते मित्र नांदगावला गाडीतून उतरले होते तेव्हा आम्हाला हे कळलं.

वयनीने नारळ फोडायला घेतला आणि खाली ठेवला. उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. चेहरा पांढरा पडला होता. बाहेर ओटीवर भावजी, माझे यजमान आणि भावकीतले चारपाच जण बसले होते.

ती म्हणाली, "आज माझ्याच्यान होवचा नाय. तुमीच काय ता करा."

मग भावजी म्हणाले, "गो, पण चूल खंय आसा?"

ओटी फुटली. माझे यजमान पोट धरून हसले. भावकीतल्या एकाने टाळी दिली. वयनी त्यांच्याकडे बघत होती. तिने पुन्हा सांगितलं, "मी खराच सांगतंय. माका उभ्या रवाक होना नाय." तर आणखी हसले, कारण ती न हसता बोलत होती आणि पिक्चरमधली बाईही न हसताच बोलते.

मला राहवलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "हसतत कित्याक? तिका बरा नाय. आनि एवढ्या माणसांचा माझ्या एकटीच्यान होवचा नाय."

तेव्हा हसणं थांबलं. भावजी उठून आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "गणपती घरात आसा. पावणे वाटेर आसत. तमाशो नको."

"तमाशो नाय करूक," वयनी म्हणाली. "बसलंय फक्त."

पिक्चरमध्ये ह्यानंतर पुरुष चूल पेटवायला जातात. आमच्याकडे माझे यजमान शेजारच्या घरी गेले. काकी, म्हणजे माझी चुलत सासू, तिच्या दोन सुना आणि पलीकडच्या घरातली एक मुलगी अर्ध्या तासात आमच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या, स्वतःच्या घरातलं अर्धं टाकून. कुणी काही विचारलं नाही. आम्हा दोघींना ओलांडून त्या आतबाहेर करत होत्या. काकी जाता जाता वयनीला एवढंच म्हणाली, "सणाचा असा करू नये गो." पाहुणे आले, जेवले, कोकणच्या जेवणाची तारीफ केली. मग पिक्चर लावला. उंबऱ्याचा प्रसंग आला तेव्हा पाहुणे हसले, घरचे गप्प बसले. पण जाडा दीर पिठात पडला आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे हसायला लागले.

भांडण झालं नाही. भावजी मुंबईला जाताना वयनीशी बोलले नाहीत, एवढंच. पुढच्या चवथीला मात्र त्यांनी आल्या आल्या सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिका आता त्रास देऊचो नाय. नैवेद्य काकीची सून करतली." लोक म्हणाले, बघा, बायकोची किती काळजी. वयनी तोवर चांगली बरी झाली होती. शेतात उतरून भात लावून आली होती. ती आंघोळ करून, नवीन लुगडं नेसून मोदक करायला आत निघाली, तर भावजी दारात उभे.

"तुका होवचा नाय म्हणान तूच सांगलंस मां? मग बस."

ज्या घरात तिने लग्नापासून दर चवथीला देवाचं पान वाढलं, तिथे ती त्या वर्षी पाहुण्यासारखी ओटीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुरुष पिक्चर बघायला बसले तेव्हा ती तिथेच होती. तिने तो पहिल्यांदा सुरुवातीपासून बघितला. मी आत काकीच्या सुनेबरोबर भांडी घासत होते. चूल कुठे असते, ते झालं. मोदकांची खीर झाली. ह्या सगळ्यात वयनीचा आवाज नव्हता. शेवटी सगळे पुरुष देवळात जाऊन बायकांसमोर हात जोडतात, कान धरतात, म्हणतात आमचं चुकलं. तिथे सनई वाजते आणि बघणाऱ्यांचे डोळे ओले होतात. आमची ओटीही त्या ठिकाणी नेहमी गप्प व्हायची. त्या दिवशी तिथे वयनी हसायला लागली. एवढी की तिला ठसका लागला. मी पाणी घेऊन धावले. ती पदराने डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

भावजी चिडले. "हसाक काय झाला?"

"काय नाय," ती म्हणाली. "बरो आसा पिक्चर. इतकी वर्सा माका कोणी सांगूकच नाय."

दिवाळी झाल्यावर ती माहेरी, बांद्याला भावाकडे गेली. चार दिवसांनी येते म्हणाली होती, आलीच नाही. भावजी आणायला गेले नाहीत. नातेवाईकांत आजही तिच्या तापट स्वभावाबद्दल बोलतात. भावजी निवृत्त होऊन गावी आले. आता त्यांचं ताट मी वाढते, त्यांचे कपडे मी धुते. त्यांनी मला कधी वाईट शब्द ऐकवलेला नाही, आणि वयनीचं नावही कधी काढलेलं नाही.

पिक्चर मात्र मी बघते. कुणी म्हणेल, राग कसा येत नाही? येतो. पण तो जाडा कुकरात मोदक शिजवायला ठेवतो आणि शिटीची वाट बघत टाळ वाजवत बसतो, तेव्हा मला अजूनही हसू आवरत नाही. आणि एक नवीन गंमतही सुरू झाली आहे. दुसऱ्या दिवशी पिक्चर लागला की बांद्याहून फोन येतो. वयनी तिथे बघत असते, मी इथे. ती विचारते, "खंय पावलो?" मग आम्ही कानाला फोन लावून बघतो. इतक्यांदा बघितल्यावर पडद्याच्या मधोमध काय चाललंय तिकडे लक्षच जात नाही, कडेचं दिसायला लागतं. पहिल्यांदा तिनेच दाखवलं, की पुरुषांनी स्वयंपाकघराचा उकिरडा केल्यावर पुढच्या प्रसंगात तेच स्वयंपाकघर लख्ख दिसतं. "कोणी पुसल्यान गो ता? सांग बघया." आम्ही दोघी हसत सुटलो. त्यानंतर दरवर्षी काहीतरी सापडतं. देवळात बसलेल्या बायकांची लहान मुलं कुठे होती? सकाळची झाडलोट कुणी केली? पुरुषांच्या धोतरांवर पीठ सांडलं, ती धोतरं शेवटच्या आरतीला पांढरीशुभ्र कशी? पिक्चर करणाऱ्यांना जे दिसलंच नाही, ते शोधून काढताना जी मजा येते, ती त्यांनी मुद्दाम केलेल्या विनोदात नाही.

यंदा मी ओटीच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. भावजी झोपाळ्यावर पेंगत होते, पोरंटोरं फोनमध्ये. वयनी म्हणाली, "हात जोडतत ना आता, तेंच्या पाठसून बघ. ती कोनातली बाई." मी बघितलं. एक म्हातारी, पिक्चरमधल्या घरातली नव्हे, बहुतेक गर्दीसाठी बोलावलेली. सगळे कान धरून उभे असताना ती खाली वाकून देवळाच्या पायऱ्यांवरची फुलं वेचत होती.

"दिसली?"

"दिसली," मी म्हटलं.

तेवढ्यात भावजींनी डोळे न उघडता विचारलं, "चाय झाली काय गो?"

वयनीला तो आवाज ऐकू गेला असणार. मी उठले नाही. माझे यजमान माझ्याकडे बघायला लागले, मग भिंतीकडे. भावजींनी पुन्हा विचारलं. चवथीच्या कामाला अजूनही येणारी काकीची सून आतून म्हणाली, "हाडतंय," आणि कपांचा आवाज झाला.