किरातांचे मठ आणि माझ्या बहिणीचं स्थळ

त्या पत्राचं अक्षर चांगलं आलं होतं, हे मला अजून आठवतं. रेघा न आखता ओळी सरळ आल्या, म्हणून शाई वाळेपर्यंत मी तो कागद हातात धरून बसलो होतो.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मलकापूरला कॉलेजात शिकत होतो. आमचं गाव संग्रामपूरकडचं, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दिवाळीला घरी गेलो तेव्हा धाकट्या बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा साखरखेर्ड्याचा, शाळेत मास्तर. मुलाकडचे येऊन पाहून गेले होते आणि दोन्हीकडून पसंती झाली होती. बहीण स्वतःहून काही बोलत नव्हती. एकदाच मला हळूच म्हणाली, "भाऊ, मास्तर लोक घरी बी छडी ठेवतात का रे?" मी हसलो. तीही हसली, आणि मग घागर घेऊन विहिरीवर गेली.

दोन्ही घरांना लोक 'पाटील' म्हणत, त्यामुळे खऱ्या आडनावाचा विषय निघालाच नव्हता. मग मुलाचं टिपण आलं. नाव, जन्मवेळ, आणि पूर्ण आडनाव. मी ते बाबांना वाचून दाखवलं आणि मध्येच थांबलो. आडनाव आमचंच होतं. ते इथं लिहीत नाही. एका झाडाच्या नावाचं जे गाव असतं, त्यावरून पडलेलं आहे.

बाबा म्हणाले, "मंग हे तं भाऊबंद निंघाले. बहीण-भाऊ लागतात थे."

आई चुलीपासून बोलली, "देवक इचारा नं त्यायले. देवक एक असंन तवाच भाऊबंद."

देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात त्याची डहाळी मांडवात पुजतात, आणि ज्यांचं देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक उंबर. आईचं बोलणं साधं होतं. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू काय म्हंतं? तू शिकून राह्यला."

मला कोणी असं विचारायची ती पहिलीच वेळ असावी. मी म्हणालो, "नाव एक, म्हंजे मूळ एकच, बाबा. इचाराचं काय त्यात?"

नकाराचं पत्र मीच लिहिलं. आपण एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहोत, असं एक वाक्य त्यात होतं. ते मला फार आवडलं होतं.

सुट्टी संपली. कॉलेजात इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला एकेक निबंध लिहून वर्गात वाचायला सांगितला होता. मी किरात हा विषय घेतला. डोंगरातले शिकारी एवढंच कीर्तनात ऐकलेलं होतं. वाचनालयात कळलं की हे लोक अजून आहेत, नेपाळच्या पूर्वेकडच्या डोंगरात राहतात, आणि त्यांच्या मुलखाला किरांत म्हणतात. मग एका जाड इंग्रजी ग्रंथात पानं उलटताना 'किरान्त्स' असं नाव सापडलं. ते आर्मेनियातलं होतं. तिथं दाट रानात शेकडो वर्षांपूर्वीचे ख्रिस्ती मठ आहेत, विटांचे, पडझड झालेले. हे कुणालाच कसं दिसलं नाही? मी लिहून टाकलं की किरातांची काही घराणी पश्चिमेला गेली आणि त्यांनीच ते मठ बांधले.

निबंध वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "नेपाळातले ते लोक कुणाला पुजतात?"

"पूर्वजांना, सर. डोंगराला, नदीला."

"आणि मठातले?"

"येशू ख्रिस्ताला."

"भाषा?"

"वेगवेगळी आहे, सर."

"मेलेल्या माणसाचं काय करतात? लग्न कसं लावतात? दोन्हीकडचं पाहिलंस?"

"नाही सर. नाव सारखं होतं, म्हणून..."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, याचं आन आपल्या शिपायाचं आडनाव एकच हाय. मंग हा बी घंटा वाजवते का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "म्हणजे विचारायचं तेवढं राहून गेलं."

मला घाम फुटला. तो हसण्यामुळे आला असं मुलांना वाटलं असेल. मला मात्र आईचा आवाज ऐकू आला होता. इचारा नं त्यायले. मी खाली बसलो. पुढच्या मुलाचा निबंध कशावर होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. बुलढाणा, चिखली, मग साखरखेर्डा. वाटेत मनाशी जुळवत होतो की चूक माझी म्हणून सांगायचं, हात जोडायचे, पाया पडायचं. माघ सुरू होता. त्यांचं घर विचारलं, तर लोकांनी मांडव घातलेलं दार दाखवलं.

मुलाचे वडील खाटेवर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी देवकाचं विचारलं तेव्हा त्यांनी मांडवाकडे बोट केलं. खांबाला कळंबाची डहाळी होती.

"आमचं मूळ गाव खाली गोदावरीकडं," ते म्हणाले. "तुमचं तिकडं पूर्णाकाठी असंल. त्या नावाची गावं पायलीला पन्नास हायेत, बाबा."

"मग तुम्ही उलट कळवलं का नाही?"

"घरातली म्हनत व्हती, देवक येगळं हाय म्हनून. पन मी म्हनलं, कॉलेजात शिकल्याल्या पोरानं लिवलंय, समदं पाहूनच लिवलं असंल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आता परवा लगीन हाय. जेवून जा."

मी जेवलो. नाही म्हणायचं सुचलंच नाही. मास्तर मला दिसला नाही. मी मान खाली घालूनच होतो, त्यामुळे पंगतीत असला तरी कळलं नसतं.

तिथून मी कॉलेजात न जाता घरी गेलो. पोचायला दुसरा दिवस उजाडला. बहीण अंगणात तूर पाखडत होती. तिच्यासमोर उभा राहून मी एकदाच सगळं बोलून टाकलं. त्यांचं देवक कळंब आहे, आपलं नातं काहीच लागत नव्हतं.

तिनं सूप थांबवलं नाही. "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"कळंब. त्याची माय पाहाले आली तवा मले कुंकू लावता लावता बोलली. म्हने, आमच्यात कळंबाची फांदी लागते, तुमच्यात काय? म्या सांगलं, उंबर. हासली थे. बरं झालं म्हने."

ज्या दिवशी मी टिपण वाचत होतो त्या दिवशी ही आत, भिंतीपलीकडे बसलेली होती.

"मंग तवा बोलली काऊन नाही?"

"बाबानं तुले इचारलं नं. मले कोनं इचारलं?"

सुपातला भुसा उडून माझ्या पॅन्टवर पडत होता. मी बाजूला झालो नाही. सूप रिकामं झाल्यावर तिनं मान वर केली.

"लगन झालं का त्याचं?"

"आता उद्या हाय."

"नवरी कोन्या गावची?"

तेवढंही मी विचारून आलो नव्हतो.