पडवीतली खुर्ची

दत्ताराम गुरुजींनी आमच्या गावाला पाढे शिकवले आणि संविधानाची प्रास्ताविका. भाट्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात शाळेच्या अंगणात उभं राहून 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' न म्हटलेला माणूस शोधून सापडायचा नाही. निवृत्तीनंतरही दर सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीच्या झेंड्याखाली प्रास्ताविका वाचायचे ते गुरुजीच. वाचून झालं की आत सरपंचांच्या खोलीत सत्यनारायण. यात काही चुकतंय असं गुरुजींना कधी वाटलं नाही, मग आम्हांला कुठून वाटणार!

यंदा सरपंच झाली बौद्धवाडीतली राजश्री कांबळे, गुरुजींचीच विद्यार्थिनी. पूजेला सरपंचांनी जोडीने बसायची रीत. तिने बैठकीत सरळ सांगितलं, "मी बसायची नाय. पूजा देवळात करा, लागेल ती मदत करते. हे हापीस सगळ्यांचं आहे."

उपसरपंच भागोजी तापला. "इतकी वर्सं चाललंय, ता काय खोटं? गुर्जी, तुमीच काय ता सांगा."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. राजश्रीनेही पाहिलं, अगदी खात्रीने. ते 'देवळात करा' एवढंच म्हणाले असते, तरी गावाने ऐकलं असतं. पण गुरुजींना भांडण मिटवायची भारी हौस.

"तिच्या जागी मी आणि आमची मंडळी बसतो," ते म्हणाले. "तिच्यावर सक्ती नको आणि पूजाही चुकायला नको."

भागोजी खूश. गुरुजी तर स्वतःवरच खूश. राजश्रीने बैठकीतला पुढचा विषय घेतला.

सव्वीसला प्रास्ताविका झाली. खोलीत चौरंगाला जागा होईना, म्हणून गुरुजींनी स्वतःच्या हाताने सरपंचांची खुर्ची पडवीत आणून ठेवली. पूजा झाली, आरती झाली. शिऱ्याचा द्रोण घेऊन ते बाहेर आले, तर राजश्री त्याच खुर्चीत बसून, मांडीवर कागद धरून एका म्हातारीच्या दाखल्यावर सही करत होती. झेंड्याला गाव जमलं होतं, तेवढ्यात लोक कामं उरकून घेत होते.

"घे," गुरुजी म्हणाले.

"द्या की. शिऱ्याशी माझं भांडण नाय, गुरुजी." तिने खाल्ला, द्रोण दुमडला आणि विचारलं, "माझी खुर्ची आत कधी न्यायची?"

मांडलेली पूजा उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत, आणि उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी. भटजींशी बोलून ती वेळ गुरुजींनीच ठरवली होती.

"उद्या सकाळी," ते कसंबसं म्हणाले.

"बरं," म्हणून तिने पुढचा कागद घेतला.

दर्शनाला येणारा प्रत्येक जण तिच्या खुर्चीपाशी चपला काढून आत जात होता. आमच्याही तिथेच होत्या. गुरुजींना ते आत्ता दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाकले आणि एकेक चप्पल उचलून बाजूला करू लागले.

"राहू दे, गुरुजी," राजश्री म्हणाली. "लोकांना परत घालायच्या आहेत."

ते थांबले नाहीत. चपला सरत गेल्या, आणि तिच्या पायाशी अगदी शेवटी एक जोडी उरली. सर्वांत आधी काढलेली. ती त्यांचीच होती.