मेनेलाओसच्या कानातला ठोका

आमच्या चौकातली फरशी मी घातली. मी आणि माझा भाऊ, दोघांनी, अकरा महिन्यांत. चिनाराच्या मुळांनी ती नंतर एका जागी उचलली, त्याला माझा इलाज नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे पायांची गोष्ट आहे.

दगडाचं काम सुटल्यावर मी बँडची गाडी चालवू लागलो. बँड फोतिसचा. तो गातो, यंत्रंही तोच सांभाळतो. क्लॅरिनेट त्याचा मामा वाजवतो, मेनेलाओस. आमच्या एपिरस प्रांताच्या डोंगरात उन्हाळाभर गावोगावच्या जत्रा असतात आणि क्लॅरिनेटशिवाय जत्रा होत नाही. मेनेलाओसचे चव्वेचाळीस उन्हाळे झाले. एका दमात तो सूर किती वेळ धरतो ते मी घड्याळावर मोजलंय. बावीस सेकंद, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. हे फुकट येत नाही. हिवाळ्यात रोज सकाळी दोन तास तो गोठ्यात बसून वाजवतो. घरात बायको वाजवू देत नाही.

एवढी वर्षं त्याच्या डाव्या खांद्यामागे मोठा स्पीकर असायचा. त्यात डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. डॉक्टर म्हणाले, आवाज कमी करा, नाहीतर वाजवणं सोडा.

तीन वर्षांपूर्वी फोतिसने इन-इअर मॉनिटर आणले. कानात घालायची दोन बोंडं आणि कमरेला एक डबी. आपलं वाजवणं आपल्याला ऐकू यावं म्हणून पूर्वी पायाशी स्पीकर ठेवायचे, त्यांच्याऐवजी हे. योआनिना शहरात नेऊन मेनेलाओसच्या कानात लगदा भरला आणि साचा घेतला. पायाशी ठेवायचे स्पीकर चार होते, प्रत्येकी बावीस किलो. ते उचलायचे गेले तेव्हा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. खोटं कशाला बोलू.

पहिला महिना मेनेलाओसलाही बरं वाटलं. आपलीच क्लॅरिनेट त्याला कित्येक वर्षांनी नीट ऐकू आली. पण बोंडं घातली की बाहेरचं सगळं बंद. लोक काहीतरी ओरडतात, त्याला फक्त तोंडं हलताना दिसतात. त्यातच ड्रमवाला जर्मनीला गेला आणि फोतिसने त्याच्या जागी लॅपटॉप बसवला. आता ड्रम लॅपटॉपमधून वाजतो आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला बोंडात सतत ठोका चालू असतो. टक, टक, टक, टक. लोकांना तो ऐकू येत नाही. गाणं सुरू होण्याआधी लॅपटॉपमधली एक बाई कानात आकडे मोजते.

"कानात सासू बसवलीय माझ्या," मेनेलाओस म्हणायचा. "खरी सासू निदान रविवारी चर्चला तरी जायची."

"मग काढून ठेव."

"काढली तर काहीच कळत नाही, रे थिमिओ. घातली तर हिचंच ऐकावं लागतं. जाऊ कुठे?"

यंदा त्याने सांगून टाकलं होतं की हा शेवटचा उन्हाळा.

आमच्या गावची जत्रा पंधरा ऑगस्टला. दुपारी, चर्च सुटल्यावर चौकात नाच. हात धरून रांग गोल फिरते. सगळ्यांत पुढे असेल त्याच्या घराची चाल वाजते, आणि क्लॅरिनेटवाला त्याच्या पायाकडे बघून वाजवतो. पाय हवेत थांबला की सूर थांबतो, पाय टेकला की सूर टेकतो. ज्या घरचं कोणी पुढे नाचलं नाही, ते घर त्या वर्षी चौकात नव्हतं असंच लोक धरतात.

आदल्या दिवशी लांब्रिनीबाई काठी टेकत कॉफीच्या दुकानात आली. वय एकोणऐंशी. नवरा पेरिक्लीस जाऊन वर्ष उलटलं होतं, दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात. मेनेलाओसने तिला पाहून बोंडाच्या आवाजाची चाचणी थांबवली.

"उद्या पेरिक्लीसच्या जागी पुढे मी," ती त्याच्या उजव्या कानात ओरडली.

"आणि कंबर?"

"कंबरेत खिळा आहे. फेरीला चाळीस पावलं लागतात, मी मोजलीत. पण माझ्या पायाने चालायचं. घाई केलीस तर तिथेच पडेन, आणि तुझ्याच अंगावर पडेन."

"वजन किती?"

"मेल्या!" ती म्हणाली आणि हसली. पण जाताना दारातून परत वळली. "नाहीतर आमचं घर संपलं रे, मेनेलाओस."

ती गेल्यावर फोतिस म्हणाला, "मामा, तिच्या चालीचा ट्रॅक मिनिटाला बासष्ट ठोक्यांवर आहे. फार तर छप्पन करतो. पण सुरू झाल्यावर ठोका थांबत नाही. तो काय टॅक्सी आहे, हात केला की थांबायला?"

"पायाला छप्पन कळत नाही."

"ट्रॅक काढून वाजवलं तर लोक विचारतील, हा बँड की प्रेतयात्रा?"

मेनेलाओसने मान हलवली. हल्ली तो ऐकू आलं नाही तरी मान हलवतो, त्यामुळे त्याचा होकार खरा की खोटा हे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी लांब्रिनीने काठी माझ्याकडे दिली. एका हातात रुमाल धरला, दुसरा शेजारणीच्या हातात दिला. मी त्या मुळांनी उचललेल्या फरशीजवळ जाऊन उभा राहिलो. पाय अडकला तर तिथेच अडकणार हे मला ठाऊक होतं.

पहिली दहा पावलं ठीक गेली. अकराव्याला तिचा पाय हवेत होता आणि ड्रमचा ठोका पडला. तो गाठायला तिने घाई केली. मेनेलाओसने ते पाहिलं आणि उजव्या कानातलं बोंड ओढून काढलं.

मला वाटलं, सुटला. उलट झालं. गोंगाट आणि ड्रम एकदम त्या अर्ध्या कानात शिरले आणि स्वतःची क्लॅरिनेट त्याला सापडेना. सूर घसरला. इतक्या वर्षांत मी त्याचा सूर घसरलेला पहिल्यांदा ऐकला. त्याने बोंड परत आत दाबलं.

मग त्याने क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि नुसता उभा राहिला. लॅपटॉप वाजत राहिला. लांब्रिनी थांबली, मागची रांग थांबली.

"मामा, वाजव!" फोतिस माइकमधून त्याच्या कानात सांगायला गेला असणार, पण ते चौकभर ऐकू गेलं. मेनेलाओसने या वेळी मान आडवी हलवली.

माणसं थांबलेली आणि यंत्र नाचाची चाल वाजवतंय. पंधरा सेकंद फार मोठी असतात. शेवटी एका टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, ते डबडं तरी बंद करा!"

फोतिसने ते बंद केलं.

मेनेलाओस बोंडं तशीच ठेवून मंचावरून उतरला. लांब्रिनीच्या पुढ्यात दोन हात अंतरावर उभा राहिला, मान खाली, नजर तिच्या बुटांवर. कानात आता फक्त त्याची क्लॅरिनेट होती. "विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं," तो मला नंतर म्हणाला. "वर बघावं तर तिचा पाय."

पाय उठला, सूर उठला. पाय टेकला, सूर टेकला. तो मागे सरकत होता, ती पुढे येत होती. उचललेल्या फरशीपाशी ती थांबली आणि बुटाच्या टोकाने कड चाचपू लागली. सूर वर धरलेला. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. वीस. बावीस. मेनेलाओसच्या मानेवरच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. चोवीस. सव्वीस सेकंदांनी तिने पाय कडेपलीकडे टाकला, आणि मग त्याने सूर खाली ठेवला.

फेरी पुरी झाली. पावलं त्रेचाळीस लागली. तिने तोंड त्याच्याजवळ नेऊन काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली. मी काठी घेऊन शेजारीच उभा होतो, ती दिली.

तो परत मंचावर चढला. फोतिसने बटण दाबलं, त्या बाईने आकडे मोजले असणार. संध्याकाळी पाचपर्यंत मेनेलाओस ठोक्याला धरून वाजवत होता, एकदाही न चुकता.

पुढच्या गावच्या जत्रेला निघालो, तेव्हा गाडीत आम्ही तिघं पुढेच बसलो होतो. मेनेलाओस छोट्या ब्रशने बोंडं साफ करत होता.

"लांब्रिनी काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"मान तर हलवलीस!" मी ओरडलो.

"सांग रे."

"म्हणाली, पुढच्या वर्षी आणखी हळू लागेल."

पूल येईपर्यंत तो ब्रश फिरवत राहिला.

"आणि मी हो म्हणालो?"

"सगळ्या चौकाने पाहिलं."

त्याने बोंडं डबीत ठेवली आणि झाकण लावलं. फोतिस त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, तरी तो मलाच म्हणाला, "फोतिसला सांग, उजव्या बोंडाची तार सैल झालीय. हिवाळ्यात नीट करून घे म्हणावं."