दगडावर कोरलेली उंची

त्या दगडाची केस मी अजून विसरलेलो नाही. साठच्या दशकात मी बंगळूरला फौजदार होतो आणि तेव्हा शहराबाहेर महादेवपुऱ्याच्या बाजूला शेतं आणि तळी होती. एका तळ्याकाठी एक कंत्राटदार प्लॉट पाडत होता. तळ्याच्या सांडव्याहून खालच्या जमिनीवर बांधायला परवानगी नव्हती आणि ती उंची मोजली जाई रस्त्याकडेच्या बेंचमार्कवरून, म्हणजे सरकारने उंची ठरवून पुरलेल्या दगडावरून.

खबर कंत्राटदारानेच आणली. "सरकारी सर्व्हेअरचा माझ्यावर राग आहे, सार. माझे प्लॉट बुडवायला त्याने खोटा दगड घडवलाय. त्याच्या खोलीमागे खणून बघा."

खणलं तर दगड निघाला. रस्त्यावरच्या दगडावर होता तोच नंबर. रस्त्यावरच्या दगडावर नंबराखाली फुटांत उंचीही कोरलेली होती, खणून काढलेल्यावर नुसता नंबर. अर्धवट कोरलेला तो खोटा, असं मीही मानलं. पंचनामा करून सर्व्हेअरला कोठडीत टाकलं.

तो बेळगावकडचा, मी बंगळूरच्या जुन्या मराठी घरातला. आपल्या भाषेचा म्हणून सोडला, असं ठाण्यात कुणी म्हणू नये यासाठी मी जास्तच कडक झालो. तो मराठीत विनवायचा, मी मुद्दाम कन्नडमध्ये दरडावायचो. ते मनाला आजही टोचतं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची नोकरी जाऊन तुरुंग नशिबी आला असता.

त्याची बायको डबा घेऊन आली. "अण्णा, तुमच्या घरीपण मराठीच बोलतात नव्हं? मग ह्यांचं एकदा मराठीत ऐका की. स्वल्प ऐका."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. "सांगा. नंबर कसा देतात?"

"आधी नकाशाच्या चौकोनाचा आकडा आणि अक्षर, मग त्या चौकोनातला दगडाचा अनुक्रमांक. ते दगडाचं नाव झालं, साहेब. उंची आमच्या दगडावर घालतच नाहीत."

"का?"

"पुन्हा मोजणी झाली की उंचीचा आकडा बदलतो. ह्या दगडाचा गेल्या वर्षीच बदललाय. दरवेळी दगड कोरत बसायचं? तुमच्या हवालदाराच्या बिल्ल्यावर नंबर आहे. पगार लिहिलाय का?"

हवालदार हसला. "लिहिला असता तर बायकोला थाप मारता आली नसती, सार!"

मी सायकल काढली. त्याच रस्त्यावरचे मागचा आणि पुढचा अनुक्रमांक असलेले दगड पाहिले. दोन्हींवर नुसते नंबर. रस्त्यावरच्या दगडावर कोरलेला आकडा गेल्या वर्षीच ठरल्याचं सर्व्हे कचेरीकडून लेखी घेतलं. मग कंत्राटदाराला जबाबासाठी बोलावून चहा दिला.

"रस्त्यावरचा दगड कधीपासून पाहताय?"

"लहानपणापासून, सार. त्याच्यावर बसून गुरं राखलीत."

"खालचा उंचीचा आकडा?"

"तोच आहे की! पाठ आहे मला."

जबाब लिहून, वाचून दाखवून सही घेतली. मग म्हणालो, "हा आकडा गेल्या वर्षी ठरला. तुम्ही तो लहानपणी कसा वाचलात?"

हवालदार म्हणाला, "गुरांनी वाचून दाखवला असेल, सार."

त्यानंतर कंत्राटदार भडाभडा बोलला. खरा दगड उपटून सर्व्हेअरच्या खोलीमागे पुरला होता आणि खोटा उतारावर, खालच्या जागी रोवला होता. तिथून मोजलं की त्याची बुडीत जमीन कागदावर उंच होई. खोटा दगड घडवणाऱ्या, बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या पाथरवटाने तर सरळ सांगितलं, "कागदावरची नंबर-उंचीची अख्खी ओळ कोरली, अण्णा. मला काय ठाऊक!"

कोर्टात केस टिकली, कंत्राटदाराला शिक्षा झाली. माझी पाठ थोपटली गेली आणि मला आनंदही झाला. पण मी शिकलो ते वेगळंच. दगडावरच्या नंबरावरून फक्त तो दगड कोणता एवढंच कळतं, उंची मोजावी लागते. मी त्या माणसाची भाषा ऐकली आणि न मोजताच त्याला तोलून मोकळा झालो होतो.

सर्व्हेअर सुटला त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर, सगळ्या शिपायांसमोर, मी मोठ्याने मराठीत म्हणालो, "वहिनी, डबा आणलाय तर आत बसून जेवू दे त्यांना."

"नको अण्णा," हातातला डबा तिने नवऱ्याकडे दिला. "आज घरी जेवतील."