पाचवी ओळ

दासगावच्या बौद्धवाडीतला काशीराम सहा वर्षं महाडच्या रंगाच्या कारखान्यात टाकीवर होता. टाकीत रंग शिजला की काडीनं एक थेंब काढायचा, टिपकागदावर टाकायचा आणि ठिपका पसरेपर्यंत थांबायचं. ठिपक्याभोवती पिवळी कड दिसली तर रंग कच्चा. कड नसली की काशीराम म्हणायचा, "झालं." तो म्हणेपर्यंत टाकीची तोटी कोणी सोडत नसे.

शहाऐंशी साली नवे मॅनेजर आले. त्यांनी प्रत्येक टाकीवर तापमापक बसवला आणि शेजारी चार ओळींचं कार्ड टांगलं. कार्ड वाचता येईल तो टाकीवर राहील, बाकीचे आवारात गोण्या उचलतील, असं ठरलं. शिकायला तीन महिने दिले, मग परीक्षा. काशीराम सेहेचाळीस वर्षांचा, कंबर आधीच धरलेली. गोण्यांखाली आपण वर्षभर टिकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा. शिकवायला पोलादपूरकडचा केमिस्ट रामजी होता. आठ तास उभं राहून आलेली माणसं पाटीवरच डुलक्या घेत. काशीराम रंगानं माखलेल्या हातांनी पाटी घरी आणायचा. त्याची बायको सुंदराबाई एकदा पाटी उलटसुलट बघून म्हणाली, "अवो, पाटी लाल केलीत, पर अक्षर कुठं हाय?"

अक्षर सावकाश आलं. श्रावणात तो चारही ओळी बोट न लावता वाचू लागला.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. पावसानं गोण्यांतला माल दमट झाला होता. कार्डात लिहिल्याप्रमाणे दोन तास भरले, तापमापकाचा आकडाही बरोबर होता. सवयीनं काशीरामनं थेंब टाकला. कड दिसली, बारीक पण पिवळी.

जोडीदार हैबती म्हणाला, "कार्ड वाचलंस ना? मग सोड की."

काशीराम कार्डाकडे बघत राहिला. आता डोळ्यावर विसंबलो तर अडाणीच राहिला म्हणतील, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तोटी सोडली.

सबंध घाणा कच्चा निघाला. रामजी चौकशीला आला. कार्डाकडे बोट दाखवलं असतं तरी काशीराम सुटला असता. पण तो म्हणाला, "कड होती. मी बघितली, तरी सोडला."

"मग थांबलात का नाही, काका?"

"कार्डावर माझा डोळा लिवलेला नव्हता."

रामजीनं कार्ड खाली उतरवलं, खिशातली पेन्सिल काशीरामच्या हातात दिली आणि बघितलं ते लिहा म्हणाला. काशीरामला एक ओळ लिहायला अर्धा तास लागला. 'ठिपका टाक. पिवळी कड दिसली तर थांब.' कार्डावरची ती पाचवी ओळ.

परीक्षेत ती ओळ त्याच्या नावावर धरली गेली आणि तो टाकीवर राहिला. पुढं घाणे फुकट जाईनासे झाले. दिवसाला दोन निघत होते, ते तीन निघू लागले. ते बघून मॅनेजरांनी टाकीवर दोघांऐवजी एकच माणूस ठेवला. हैबती परीक्षेत नापास झाला होता, तो गोण्यांवर गेला. एकदा जेवणाच्या सुट्टीत पाठ चोळत तो म्हणाला, "तुझं अक्षर लय जड हाय रे, काशीराम." दोघंही हसले, पण थोडंच.

आता शेजारच्या टाक्यांवर शिकलेले कामगार आहेत. ते आपापल्या कार्डावर उतरवलेली पाचवी ओळ वाचतात, ठिपका टाकतात, स्वतःच बघतात आणि तोटी सोडतात. काशीरामला कोणी विचारत नाही. तो आपल्या टाकीपाशी उभा असतो, कंबरेला पंचा आवळून. कार्डाच्या चार ओळी तो अजून रोज वाचतो, परीक्षेला बसल्यासारखा. पाचवी वाचत नाही. थेंब टाकतो, ठिपका पसरेपर्यंत थांबतो आणि ऐकायला शेजारी कोणी नसलं तरी हळूच म्हणतो, "झालं."