अप्पांचा गिरजा

“हाणा साहेब, बुक्की हाणा भिंतीला. भिऊ नका, सिमिट हाय!”

गावात नवा माणूस आला की अप्पा दुकानातून उठत, त्याला समोरच्या गिरजाघरात नेत आणि पहिलं काम हे करायला लावत. नवखा बुक्की मारी आणि कळवळून हात चोळत बसे. मग अप्पांचा चेहरा असा खुले, की भिंत त्यांनीच बांधली असावी.

अप्पा लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, धंदा टिकाव-फावड्यांचा. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. पण उदगीरच्या पुढच्या त्या गावात, निजामाच्या काळी, सगळी घरं दगडमातीची असताना एका गोऱ्या फादरने ते काँक्रीटचं चर्च उभं केलं होतं. चौकोनी मनोरा, सडसडीत खांब, आणि कुठेही तुळई नसलेलं छत. सिमेंटची पोती आली होती अप्पांच्या आजोबांच्या बैलगाडीतून. तेवढ्या नात्यावर अप्पा त्याला ‘आपला गिरजा’ म्हणत.

“छत पडंल म्हणून आत कुणी जाईना,” ते सांगत. “टेकू काढायच्या दिवशी फादर एकलाच खाली खुर्ची टाकून बसला!”

पुढच्या खेपेला मी ही गोष्ट ऐकली, तेव्हा फादरशेजारी आजोबाही बसलेले होते. त्यानंतर बैल आत आले. तिथले तेव्हाचे फादर केरळकडचे, फार शांत. त्यांनी एकदा हळूच विचारलं, “अप्पा, बैल दारातून कसे आले?”

“तवा दार कुठं बसवलं हुतं?” अप्पा म्हणाले.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पावसाने दडी मारली होती, दुष्काळी कामं निघाली होती, आणि त्यातच नव्या जिल्ह्याच्या गावाकडे जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं. मी तिथला ओव्हरसिअर. आखणी केली, तर चुन्याची रेघ थेट गिरजाघराच्या पोर्चमधून गेली.

अप्पा रेघेवर येऊन उभे राहिले. “काय करायलात साहेब? खांब काढले तर छत खाली यील की!”

“रस्ता तर व्हायलाच हवा, अप्पा.”

“व्हऊ द्या. सरकवा पल्याड!”

भर गर्दीत त्यांनी हात लांब करून दिशाही दाखवली. मग स्वतःच्या बोटाच्या रोखाने मान वळवून बघितलं. पल्याड त्यांचंच दुकान होतं.

बघे खदखदा हसले. दुकानाच्या दारातून त्यांच्या बायकोने, अक्कांनी, हाक दिली, “आता हाणा बुक्की, आपल्याच कपाळावर!”

अप्पांनी हात खाली घेतला. “फकस्त पुढचा सोपा जाईल न्हवं?”

“ओसरी आणि निम्मं दुकान.”

“आन् गिरजा?”

“त्याला धक्का नाही.”

त्यांनी एकदा दुकानाकडे बघितलं. मग म्हणाले, “मंग मारा रेघ. लवकर मारा, कारभारीण रस्त्यावर यायच्या आत.”

वरिष्ठांना पटवणं जड गेलं नाही. आपणहून दुकान देणारा माणूस त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

पुढे दुकान एवढंसं उरलं, की गिऱ्हाईक आत आलं की अप्पांना बाहेर उभं राहावं लागे. अक्कांनी कितीतरी दिवस अबोला धरला. जेवायचं ताट आपटून ठेवत, त्या आवाजावरून अप्पा आजचा राग ओळखत.

एकदा मी विचारलं, “वाईट वाटत नाही?”

“लई वाटतं. बापाची जागा हुती. रातच्याला... जाऊ द्या.” आणि समोर बघून म्हणाले, “दुकान मला बांधता येतं साहेब. हे न्हाई येत.”

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी, भर वैशाखात, ते गेल्याची खबर आली, म्हणून गेलो. त्यांच्या रिवाजाप्रमाणे सजवलेल्या विमानात, खांद्यावरून न्यायच्या पालखीत, त्यांना बसवलं होतं. रस्ता तापून फुफाटा झालेला. वाहणाऱ्यांचे पाय पोळायला लागले, तेव्हा त्यांनी विमान गिरजाघराच्या पोर्चमध्ये सावलीला टेकवलं. फादर स्वतः घागर घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरले. फुलांमध्ये अप्पा ताठ बसले होते, आणि शेजारी उभ्या अक्का पदराने त्यांच्यावरच्या माश्या वारत होत्या.